निळं मेण

मेणानं मला पुष्कळदा फसवलं आहे आणि त्याचा मला राग नाही. मेणाचा स्वभावच तो. गरम आहे तोवर म्हणाल तिकडे जातं, आणि आता जमलं असं वाटून तुम्ही जरा हात सैल सोडलात की आहे तिथे थिजून बसतं. पण जन्मदात्या आईनं माझ्याच हातचं मेण घेऊन मला फसवावं, याचा राग आहे. तो गेलेला नाही. वय झालं की माणूस क्षमाशील होतो म्हणतात. माझं वय होऊन बराच काळ लोटला.

मेणाचा नाद मला नोकरी सोडल्यावर लागला. डिचोलीत, सर्वणच्या वाटेवर आमचं घर. मुलगी लग्न होऊन पुण्याला, नवरा आधीपासूनच घरी, कारण खाणी बंद पडल्यावर त्याच्या कंपनीनं त्याला नारळ दिला होता. घरी बसलेल्या बाईला सल्ले द्यायला सगळं गाव मोकळं असतं. कोणी भजनी मंडळ सुचवलं, कोणी पापडाचा गट. एके दुपारी फोनवर एक परदेशी बाई दिसली. तापलेल्या पत्र्यावर रंगीत मेणाच्या डब्या ठेवून ती कुंचल्यानं लाकडी फळीवर चित्र काढत होती. रंग ओला होता तोवर काचेसारखा चमकत होता, आणि निवला की साईसारखा मऊ दिसत होता. एन्कॉस्टिक असं त्याचं नाव. मी त्याला मेणचित्र म्हणू लागले, कारण शेजारणींना ते नाव सांगायचं तर मलाच दोनदा पाणी प्यावं लागे.

सामान जमवणं सोपं निघालं. मधमाशीचं मेण दोडामार्गकडून मध विकायला येणाऱ्या माणसानं आणून दिलं, काळपट आणि काड्याकुड्यांनी भरलेलं. ते वितळवून फडक्यातून गाळलं. मेण कडक व्हावं म्हणून त्यात राळ घालायची असते. ती धूप-कापराच्या दुकानात मिळाली. रंगांसाठी गेरू, काजळी आणि कपड्यांना घालायची नीळ घेतली. हळदही वापरून पाहिली, पण तिचा पिवळा रंग महिन्याभरात उडाला. आणि लाल रंग तर दारातच होता. खाणी चालू असताना ट्रकांमागून उडणारी जी धूळ मी वर्षानुवर्षं खिडक्यांवरून पुसली, तीच आता अंगणाच्या कडेची खरवडून, वस्त्रगाळ करून डबीत भरून ठेवली. नवरा म्हणाला, ‘‘जन्मभर जिला शिव्या घातल्यास, तिला आता अत्तरासारखी जपतेस.’’

पहिली सगळी चित्रं फुकट गेली. या कामाचं एक तंत्र आहे. मेणाचा एक थर लावला की त्याला पुन्हा ऊब द्यायची, म्हणजे तो खालच्या थरात थोडा विरघळतो आणि त्याला धरून राहतो. मला घाई. मी थरावर थर चढवत गेले आणि निवल्यावर सगळं चित्र पापुद्र्यासारखं सुटून हातात आलं. ऊब द्यायला मी घरातली जुनी इस्त्री वापरत असे. एकदा नवऱ्यानं कुणाच्या तरी मुंजीला जाताना तीच इस्त्री पांढऱ्या सदऱ्यावर फिरवली. लाल मातीचा आणि मधाच्या वासाचा पट्टा छातीवर घेऊन तो माझ्यासमोर उभा राहिला . मी इतकी हसले की शेवटी त्यालाही हसावं लागलं. त्यानंतर त्यानं मला मागची खोली मोकळी करून दिली आणि इस्त्रीही तिकडेच हलवली.

त्याच सुमारास हळर्णला आई पडली.

माझं माहेर हळर्णचं. वडील गेल्यापासून आई माझ्या धाकट्या भावाकडे असते, म्हणजे आपल्याच घरात. भाऊ औषधांच्या कारखान्यात कामाला जातो, भावजय पेडण्यात एका दुकानात. दोघं सकाळी जातात ती दिवेलागणीला परततात. आई मागच्या अंगणात घसरली, मनगट मोडलं, आणि गवत कापायला आलेल्या शेजारणीनं हाक ऐकेपर्यंत ती तिथेच चिखलात बसून होती. भावानं मला दुसऱ्या दिवशी कळवलं. ‘‘तुका कित्याक उगीच त्रास,’’ असं म्हणाला. मी नवऱ्याला तशीच गाडी काढायला लावली आणि आईला डिचोलीला घेऊन आले.

प्लास्टर काढल्यावर तिच्या बोटांनी दगा दिला. मूठ वळेना. डॉक्टरांनी रबराचा चेंडू दाबायला सांगितला. आईनं तो पाहिला आणि अंगणातल्या कुत्र्याकडे मान वळवून म्हणाली, ‘‘हो त्या सुण्याक दी, खेळटलो.’’ मी तेव्हा तेरेखोलच्या नदीचं चित्र करत होते, समोर निळ्या मेणाची डबी कोमट होती. सहज त्यातलं थोडं काढून तिच्या तळहातावर ठेवलं. तिला ती ऊब आवडली. मग रोजचंच झालं. मी कामाला बसले की आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसे, मी तिच्या हातात निळ्या मेणाचा गोळा देई, आणि ती तो मळत माझ्या चुका काढत असे. गोळा निवला की पुढे करी, मी ऊब देऊन परत देई. बोटं हळूहळू वळायला लागली.

‘‘तेरेखोलची न्हंय इतली निळी केन्ना पळयली तुवें?’’ तिनं एक दिवस विचारलं. ‘‘पावसांत ती मातयेची आसता.’’

‘‘पाऊस गेल्यावर निळी असते, आई.’’

‘‘आसूं. हांव पलतडीं वचपाक होडयेंत बसतालें तेन्ना तरी मातयेचीच आसताली.’’

मी हट्टानं निळी नदी पुरी केली. चित्र छान दिसत होतं, पण नदी काही केल्या ओळखीची वाटेना. मग निळ्यावर खाणीच्या मातीचा एक पातळ थर दिला, वरून इस्त्री फिरवली, आणि खरंच तेरेखोल दिसली. आईनं मान डोलावली. म्हणाली, ‘‘आतां होडी घाल आनी माका तातूंत बसय.’’ मी होडी घातली. तिच्या तोंडावर मी इतका आनंद वडील असतानाही पाहिला नव्हता. मी हे उगाच म्हणत नाही. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे ते महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे होते, आणि मला वाटलं, तिच्याही.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं की आता आईला परत पाठवायचं नाही. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘‘मला काय विचारतेस, तुझ्यापेक्षा माझं तिच्याशी जास्त पटतं.’’ ते खरंही होतं. मग आईला विचारलं. ती मेण मळत राहिली. पुन्हा विचारलं तर ‘‘बघया’’ म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिच्या डोळ्यांना पाणी आलं. माझा हात धरून म्हणाली, ‘‘देवाक विचारया गो बाये. तेणें हय म्हटल्यार हांव फाल्यांच येतां, पिशवी भरून.’’

आमच्याकडे मोठी गोष्ट देवाला विचारल्याशिवाय होत नाही. लग्न असो, विहीर असो, माणूस घर बदलणार असो, कौल लावायचा. आमच्या भावकीची एक लहानशी घुमटी पोफळींच्या कुळागराच्या कडेला आहे. आत एक काळा पाषाण, बाहेरून हात लांबवला तरी पोचेल इतका जवळ. पाषाणाला अंघोळ घालून, पुसून, त्याच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक फूल पाण्यानं चिकटवायचं, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. शिकलेल्या माणसाला हसू येईल. मीही बाहेर हसत असते. पण घुमटीसमोर उभी राहिले की माझे हात आपोआप जुळतात, आणि पाषाण जे सांगेल ते मी आजवर निमूट ऐकलं आहे. आईलाही हे पुरतं माहीत होतं.

शिमगा झाल्यावर आम्ही हळर्णला गेलो. त्या वर्षी पूजेची पाळी भावाची होती. त्यानं पंच्यानं पाषाण पुसून कोरडा केला. आई तबकात पिटकुळीची लहान लाल फुलं घेऊन त्याच्या शेजारी बसली होती. तिनंच निवडून एक फूल त्याला दिलं. ‘‘हें उजव्याक लाय. घट्ट लाय रे, वारें आसा.’’ मग दुसरं दिलं. वारं कुठे होतं कुणास ठाऊक, पानही हलत नव्हतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मनात म्हटलं, बघा, हिलाही उजवंच हवंय, म्हणून एवढी काळजी घेते आहे.

भावानं आईच्या लेकीकडे राहायला जाण्याचं गाऱ्हाणं घातलं. ‘‘आमची आवय चलयेगेर रावपाक वता म्हणटा. तुझें मन आसा जाल्यार उजवें दी, ना जाल्यार डावें दी, आनी आमकां बरी वाट दाखय.’’ मी उजव्या फुलावरून नजर हलवली नाही. ते जणू दगडातूनच उगवलेलं होतं. डावं फूल थोडं कलंडलं, थांबलं आणि पडलं.

भावजयीनं सुस्कारा सोडला. भावानं ते फूल उचलून आईच्या ओंजळीत घातलं. आईनं डोळ्यांना पदर लावला. मी नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. आयुष्यात मी देवाकडे फारसं मागितलं नव्हतं. मुलगी तिच्या कर्तृत्वानं शिकली, नवऱ्याची नोकरी गेली तेव्हाही मी गाऱ्हाणं घातलं नाही. एकदा मागितलं तर ते असं. आई माझ्यामागून आत आली, माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली. ‘‘देवाचे मनांत ना गो बाये. आमी कितें करतले?’’ मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिची बोटं आता चांगली वळत होती, केसांतून फिरताना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला परत निघायचं होतं. निघण्यापूर्वी देवाला दोन शब्द सुनवावेत म्हणून मी एकटीच घुमटीकडे गेले. भाऊ अजून अंघोळीला गेला नव्हता, कालची पूजा तशीच होती. उजवं फूल अजून चिकटलेलं. रात्रभर कोमेजून काळपट झालेलं, देठाशी सुरकुतलेलं, तरी पाषाणाला सोडत नव्हतं. पाण्यानं लावलेलं फूल इतका वेळ राहत नाही. मी हात लांबवून ते ओढलं तर ते सुटलं आणि त्याच्या मागे डाळीच्या दाण्याएवढा चिकट तुकडा आला. निळा.

त्या रंगाची चूक होणं शक्य नव्हतं. नीळ घालून मीच ते शिजवलं होतं, उन्हाला धरलं तर त्यात न विरघळलेले गडद ठिपके दिसत. पहिला संशय भावावर गेला. आईनं बोटांसाठी बरोबर आणलेलं मेण त्यानं कधीतरी उचललं असणार. घरात फुकट राखण करणारं माणूस जायला नको, म्हणून यानं देवालाही सोडलं नाही! फूल मुठीत घेऊन मी तरातरा घराकडे गेले. भाऊ विहिरीवर दात घासत उभा होता.

‘‘काल तू काय केलंस?’’ मी म्हटलं.

तो तोंडात फेस घेऊन माझ्याकडे पाहू लागला. ‘‘कितें गो ताई?’’

मी मूठ उघडणार तोच आई स्वयंपाकघराच्या दारात आली. तिनं माझा चेहरा पाहिला, मग मूठ पाहिली. ‘‘तूं न्हा वच रे,’’ ती भावाला म्हणाली. ‘‘कामार वचपाक उशीर जाता.’’ तो गेला. आईच्या आवाजात आश्चर्य नव्हतं, म्हणून मला कळलं.

‘‘तेका कांय खबर ना,’’ ती म्हणाली. ‘‘हांवें लायलें.’’

मी पायरीवर बसले. आई माझ्या शेजारी बसली, थोडं अंतर ठेवून. मला आरडाओरडा करायचा होता, पण तोंडातून एवढंच आलं, ‘‘माझ्याकडे काय कमी पडलं?’’

‘‘उणें कांयच नासलें. इतलें सूख माका जल्मांत केन्ना गावूंक ना.’’

‘‘मग?’’

‘‘हांव तुजेगेर आयल्यार लोक तेच्या तोंडार थुकतले. चलयेन आवयक व्हेली, पुताक पोसपाक जालें ना, अशें म्हणटले. तो तशें सोसचो ना.’’

‘‘आणि मी सोसेन?’’

‘‘तूं सोसतली,’’ आई म्हणाली. अगदी साधेपणानं, भाजीत मीठ ठीक आहे म्हणावं तसं. ‘‘तुका ना म्हटल्यार तूं रडटली आनी उठटली. तो उठचो ना.’’

‘‘मग ‘नाही’ म्हणायचं होतंस. माझ्या तोंडावर.’’

‘‘माका तोंड नासलें. इतलें केलें तुवें माजें. कशें म्हणूं?’’

आता माझा आवाज चढला. म्हटलं, तुला तोंड नव्हतं म्हणून देवाचं तोंड वापरलंस? देवाच्या फुलाला मेण लावताना काहीच वाटलं नाही? आणि वर मला मांडीवर घेऊन समजावलंस! बरं, विचारायचंच होतं तर खरं विचारायचं होतंस. डावं पडलं असतं तर मी गेले असते की मुकाट. देवाला निदान स्वतःचं उत्तर तरी देऊ द्यायचं होतंस.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. अंगणाकडे बघत म्हणाली, ‘‘देव हय म्हणटलो आसलो. माका खबर आसलें. म्हणून तर लायलें.’’

मी मुठीतल्या फुलाकडे पाहिलं.

‘‘तो तुजेच बाजून आसलो गो,’’ आई म्हणाली.

आत न्हाणीत बाल्दीचा आवाज थांबला. भाऊ आता बाहेर येणार, घुमटीत जाऊन पाषाणाला पाणी घालणार. मला सांगता आलं असतं. खोटा कौल म्हणजे आमच्याकडे लहान गोष्ट नव्हे. भावकी जमली असती, देवाचं सांगणं पुन्हा झालं असतं, पुन्हा फुलं लागली असती, आणि या वेळी मेण नसतं. मला हवं ते सगळं मिळालं असतं, आणि या वयात आईला चारचौघांसमोर देवाची क्षमा मागावी लागली असती. तिनं मला विनवलं नाही. मी सांगणार नाही याची तिला खात्री होती, आणि तीच खात्री मला सगळ्यांत जास्त लागली. भाऊ आला, केस पुसत म्हणाला, ‘‘कितें विचारतालें गो ताई?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही.’’

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘म्हातारी हुशार आहे.’’ त्याच्याशी मी आठवडाभर बोलले नाही.

चित्रं मी अजून काढते. हात आता बसला आहे, थर सुटत नाहीत. एक दोघी शिकायलाही येतात, त्यांच्या घाईला मी रागावते. पण मेण मळत समोर कोणी बसलेलं असावं, चुका काढाव्यात, ही सवय लागली होती, ती जात नाही. त्या खुर्चीवर मी फळ्या रचून ठेवल्या आहेत.

हळर्णला दर आठवड्याला जाते. भाऊ आणि भावजय कामावर असतात. आई झाकून ठेवलेलं गार जेवण एकटी जेवते आणि मला पाहिलं की खुलते. मी आले की वाड्यावरच्या बायका डोकावतात. त्यांना माझ्या आईची दया येते, आणि माझा थोडा राग. परवा एकीनं तोंडावर विचारलं, ‘‘आजये, दीसभर एकटीं कशीं रावतात? चलयेगेर कित्याक वचनात?’’

मी काही बोलायच्या आत आईनं माझा हात आपल्या हातात घेतला. ‘‘देवानच ना म्हटलें गो,’’ ती म्हणाली. ‘‘ना जाल्यार माजी बाय माका हांगा एक दीस दवरची ना. विचार तिका.’’

त्या सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. आईची बोटं माझ्या हाताभोवती घट्ट वळली होती.

‘‘हय,’’ मी म्हटलं. ‘‘देवाचो कौल.’’